घरटी एक सुपारी

माळव्यातून परत आले त्याला आता महिना होत आला, पण पिशवीला लागलेला शेवेचा वास काही जात नाही. शेजारणी विचारतात, मांडू पाहिलंत का? नाही पाहिलं. उज्जैनला महाकालाचं दर्शन झालं का? तेही नाही. मग आठवडाभर होता तरी कुठे? देवास आणि धार, असं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. तिथे काय ठेवलंय पाहायला, असा भाव. म्हणून हे लिहायला बसले. जे तिकडे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्या स्वतःसाठीही. ज्यांनी मला खाऊ घातलं, रजया पांघरायला दिल्या, माझा घसा बसला तेव्हा हळद-मिरी उकळून दिली, त्यांचे आभार निघताना घाईत मानले गेले. ते आता सावकाश मानते.

मी मिरजेची. शाळेतली नोकरी संपल्यावर कीर्तनं करू लागले. नारदीय कीर्तनात आधी निरूपण असतं आणि मग आख्यान, म्हणजे गोष्ट. देवांची, संतांची, क्रांतिकारकांची आख्यानं सगळेच लावतात. मी एका अमेरिकन बाईंचं लावते. दीडशे वर्षांपूर्वी बायकांना मत देता यावं म्हणून ज्या सबंध आयुष्य गावोगाव बोलत हिंडल्या, त्यांचं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण या सबंध प्रवासात ते एकानेही घेतलं नाही. देवासला त्या 'अमेरिकेच्या बाई' झाल्या आणि धारला पोचेपर्यंत नुसत्या 'बाई'.

हे आख्यान कुणीतरी मोबाइलवर टाकलेलं धारच्या विमलताईंनी ऐकलं आणि थेट फोन केला. ओळख ना पाळख.

"ताई, मी धारहून बोलून राहिले आहे. आमच्या दत्तजयंतीला येता का? जन्माच्या कीर्तनाला नाही, आदल्या दिवशी. तुमच्या त्या अमेरिकेच्या बाई हव्यात आम्हाला."

"त्याच का?" मी विचारलं.

"कारण जयंतीच्या दुसऱ्या दिवशी देवळात सुपाऱ्या पडणार, आणि माझी पडणार नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मराठी फौजांबरोबर आणि दरबाराबरोबर जी घरं तिकडे गेली त्यांचं एक दत्ताचं देऊळ धारला आहे. देवळाच्या मागे एक खोली आहे. विमलताई त्या खोलीत रोज संध्याकाळी मुलांना मराठी वाचायला शिकवतात. मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, त्यामुळे आजीने पाठवलेला निरोपसुद्धा मराठीत असला तर वाचता येत नाही. आता ती खोली कोचिंगवाल्याला भाड्याने द्यायचं काही जणांच्या मनात होतं. असा कुठलाही निर्णय तिथे सुपारीने होतो. दत्तासमोर दोन तामणं ठेवतात, एक होकाराचं, एक नकाराचं, दोन्हींवर लाल वस्त्र. घरटी एक सुपारी. घरच्या कर्त्या पुरुषाने वस्त्राखाली हात घालून ती हव्या त्या तामणात सोडायची. कुणी कुठे सोडली हे कुणालाही कळत नाही. संस्थानी काळापासूनची ही रीत. मला ती फार आवडली, आणि लगेच तिच्यातली मेखही कळली. विमलताईंचे यजमान भाऊराव जाऊन काही वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. घर आहे, कर्ता पुरुष नाही. म्हणजे त्यांच्या हातची सुपारी नाही.

"तुमचं कीर्तन ऐकून कोणी बदलेल असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण आपण पूर्ण जोर लावला, एवढं तर माझ्या मनाला सांगता येईल."

मी तिकीट काढलं.

देवास

इंदूरला उतरून आधी देवासला गेले, कारण विमलताईंच्या थोरल्या बहिणीने, कुसुमताईंनी, आपल्या घरी बायकांसमोर एक कीर्तन ठरवलं होतं. रंगीत तालीम म्हणा. मार्गशीर्षातली थंडी म्हणजे काय हे आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना माहीत नसतं. मी एक शाल घेऊन गेले होते. कुसुमताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेल्या आणि आपल्या यजमानांचा लोकरी कोट आणून माझ्या अंगावर घातला. पुढचे सगळे दिवस मी तो कोट घालून हिंडले. नऊवारीवर पुरुषी कोट, पण तिकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सकाळी पोहे आले. आमच्याकडचे पोहे म्हणजे पोहे. तिकडचे पोहे वाफेवर ठेवलेले, वर मूठभर शेव, वर जिरावन नावाचा काळपट मसाला, आणि शेजारी जिलबी. तिखटाबरोबर गोड सकाळी सकाळी कसं खायचं, असं मी म्हणाले.

"आधी खाऊन घ्या, फिर बोला," कुसुमताई म्हणाल्या.

दुसऱ्या जिलबीनंतर माझी काही तक्रार उरली नाही.

मग टेकडीवर गेलो. देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत, सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी. गावातही एके काळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल आणि त्या बाजूला दुसऱ्याचा, हे कुसुमताई आपल्याच घरातली भाऊबंदकी सांगावी तसं सांगत होत्या. थोरलीचं दर्शन घेऊन धाकटीकडे गेलं नाही तर धाकटी रागावते, म्हणून दोघींची ओटी भरायची. ओटी भरताना मला माझ्या आख्यानातल्या दोघी आठवल्या. बाईंची एक मैत्रीण होती. तिला सात मुलं, घराबाहेर पडणं मुश्किल. ती घरी बसून भाषणं लिहायची आणि बिनलग्नाच्या बाई ती घेऊन आगगाडीने, घोडागाडीने, बर्फातून गावोगाव जायच्या. कधी कधी बाई मैत्रिणीच्या घरी राहून मुलं सांभाळायच्या, म्हणजे तिला लिहायला वेळ मिळे. एकीवाचून दुसरीचं चाललं नसतं. हे मी टेकडी उतरताना कुसुमताईंना सांगितलं.

"हे कीर्तनात सांगा नी," त्या म्हणाल्या. "आमच्या बायका देवीवरून लगेच समजतील."

संध्याकाळी सांगितलं, आणि खरंच समजल्या. आमच्याकडे कीर्तनाला माणसं गप्प बसून ऐकतात. देवासच्या बायका मधूनच बोलतात. बाईंना मास्तरणीच्या नोकरीत मास्तरांच्या मानाने चवलीपावली पगार मिळे, असं म्हणताच मागून आवाज आला, "आज काय वेगळं आहे हो?" मी हसले आणि गाडी पुढे नेली. पुढे एक अवघड जागा आहे. गुलामीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना मताचा हक्क आधी मिळाला आणि बायकांना नाही, तेव्हा बाई आणि त्यांची मैत्रीण रागाच्या भरात त्या लोकांबद्दल बोलू नये ते बोलल्या. हे मी गाळत नाही. तिथे मात्र सगळ्या गप्प झाल्या. आरतीनंतर कुसुमताई बुक्का लावता लावता म्हणाल्या, "बरं झालं तेही सांगितलंत. नाहीतर आम्ही त्यांना टेकडीवरच बसवलं असतं."

धार आणि धरमपुरी

विमलताई धारच्या स्टँडवर स्कूटर घेऊन उभ्या होत्या. पासष्टीच्या, बारीक, अंगात स्वेटर, त्यावर पदर खोचलेला. माझी बॅग पायाशी, मी मागे, आणि गल्ल्यांतून अशी स्कूटर की मी दत्ताचं नाव घेऊ लागले. वाटेत लाल दगडाचा किल्ला दिसला तो मी एकाच डोळ्याने पाहिला, दुसरा मिटलेला होता. रात्री गरम गरम गराडू खाल्ले. आपल्या सुरणाचा हा माळवी चुलतभाऊ, तळून वर लिंबू आणि तोच जिरावन मसाला. मी बेतापेक्षा जास्त खाल्ले, हे पुढे नडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कीर्तन होतं. सकाळी त्या म्हणाल्या, चला, नर्मदेला जाऊन येऊ. घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड लागतं, हवा एकदम मऊ होते. धरमपुरीला नदीच्या मध्ये बेट आहे, बेटावर महादेव. होडीतून जायचं. नावाड्याने "नर्मदे हर" म्हणून होडी ढकलली. आम्ही कृष्णेला नमस्कार करतो तो काठावरून, जरा दुरूनच. इथे माणसं नदीशी बोलतात. शेजारची एक म्हातारी पाण्यात हात घालून नातवाचा ताप उतरल्याचं नदीला सांगत होती.

होडीतच विमलताईंनी मला शरदभाऊजींचं सांगितलं. शरदभाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. माणूस चांगला, यजमानांच्या आजारपणात रात्री त्यानेच जागवल्या. पण कोचिंगवाल्याला खोली द्यावी असं म्हणणाऱ्यांत तोच पुढे. त्याचं म्हणणं, देवळाला उत्पन्न हवं, आणि मराठी वाचून मुलांना कुठे नोकरी लागणार आहे? काल ते घरी येऊन म्हणाले होते, "वहिनी, दादाच्या जागी तुमच्या घराची सुपारी मी ठेवतो. रीत आहे तशी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चहा दिला. बिनसाखरेचा."

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "ताई, सुपारी चोरून नाही ठेवणार ते. मला विचारतील, वहिनी कुठे ठेवू म्हणून. आणि मग स्वतःच्या मनाने ठेवतील. वस्त्राखाली कोणाला काय दिसतं?" मग थोड्या वेळाने, "खोली गेली तर मुलं माझ्या घरी येतील का? नाही येत. देवळात येतात कारण आया आरतीला येतात. ते बंद झालं की वर्ग संपला. मला माहीत आहे." बोलताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्यामुळेच मला फार वाईट वाटलं.

येताना नदीचा वारा आणि रात्रीचे गराडू दोघांनी मिळून माझा घसा धरला. दुपारी माझा आवाज असा झाला की फोनवर नवऱ्याने विचारलं, कोण बोलतंय. विमलताईंनी हळद, मिरी, लवंग, जे हाताशी आलं ते उकळून पाजलं. मी कीर्तन रद्द करू का असं विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

देवळात स्वागताला नानासाहेब होते. समाजाचे अध्यक्ष, ऐंशीच्या आसपास, निवृत्त प्राचार्य. पणजोबा संस्थानात कारभारी होते. डोक्यावर काळी टोपी, पायात पंपशू, आणि मराठी इतकं जुनं आणि शुद्ध की मला माझ्या आजोबांची आठवण झाली. त्यांनी मला हार घातला, कपाळाला बुक्का लावला आणि वाकून पाया पडले. मी मागे सरले.

"असं नका करू, बुवा," ते म्हणाले. "मी आपल्याला नमस्कार नाही केला. नारदाच्या गादीवर जो उभा राहील तो बुवा. तिथे वय नाही, बाई-पुरुष नाही."

तर मी बुवा होऊन उभी राहिले, फाटक्या आवाजाची. पेटीवाले चांगले होते, माझा सूर जिथे जिथे फाटत होता तिथे तिथे पेटी मोठी करत होते. बाईंच्या जन्मापासून सुरुवात केली. त्यांच्या पंथात बायकांना उपासनेच्या वेळी उभं राहून बोलता येत असे, त्यामुळे बायकांनी गप्प बसावं ही गोष्ट बाईंना मुळात पटलीच नाही. मग शाळा, दारूबंदीच्या सभा, गुलामांची मुक्ती. आणि मग ती निवडणूक. बाई आणि त्यांच्या बहिणी गावातल्या न्हाव्याच्या दुकानात गेल्या, कारण मतदारांची नावं तिथे लिहून घेत होते. लिहिणारी पोरं गांगरली. बाईंनी त्यांना घटना वाचून दाखवली. नाव लागलं, मत दिलं. पुढे अधिकारी पकडायला आला तो इतका भिडस्त, की आपल्या सवडीने कचेरीत या म्हणाला. बाई म्हणाल्या, पुरुषाला जसं नेता तसं मला न्या.

इथे लोक हसले. आणि हसू विरतंय तोच पुढे बसलेले नानासाहेब म्हणाले, "बुवा, एक विचारू? त्यांच्या घरून मत कोण देत असे?"

कीर्तनात असं कुणी विचारत नाही. पण प्रश्न अगदी मनापासूनचा होता. त्यांच्या दृष्टीने मत माणसाचं नसतं, घराचं असतं.

"वडील देत," मी म्हणाले. "मग वडील वारले. घरात म्हातारी आई, बाई, आणि बहिणी."

"पुरुष?"

"पुरुष नाही."

"मग त्या घराचं मत?"

"नव्हतं."

नानासाहेबांनी मान हलवली आणि टोपी सारखी केली. मी पुढे गेले. न्यायाधीशाने निकाल आधीच लिहून खिशात आणला होता, पंचांना विचारही करू दिला नाही, आणि शेवटी रिवाज म्हणून बाईंना विचारलं, काही सांगायचं आहे का? तिथेच तो फसला. तो खाली बसा, खाली बसा म्हणत राहिला आणि बाई बोलत राहिल्या. दंड झाला तो त्यांनी मरेपर्यंत भरला नाही. आणि कायदा? कायदा झाला तो बाई गेल्यावर चौदा वर्षांनी. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही म्हणून कुजबुजल्यासारखं निघालं. आरती झाली, प्रसाद वाटला. शरदभाऊजीही येऊन पाया पडले. "घसा सांभाळा, बुवा," म्हणाले, आणि खिशातली खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

जयंती

जयंतीच्या सकाळी उत्सवाची पूजा नानासाहेबांच्या हातची असते. मी ओवरीत बसून पाहत होते. त्यांच्या पत्नी वारून बरीच वर्षं झाली. सपत्नीक करायची पूजा, पत्नी नाही, तेव्हा गुरुजींनी रीतीप्रमाणे एक सुपारी दिली आणि नानासाहेबांनी ती कंबरेला सोवळ्यात खोचली. आमच्याकडेही असंच करतात. बायको नसेल तर तिच्या जागी सुपारी, आणि पूजा पूर्ण होते. मी ते पाहिलं आणि विसरले. विमलताई माझ्या शेजारी फुलं निवडत होत्या. त्यांचे हात थांबले होते, एवढं आठवतं.

संध्याकाळी जन्माचं कीर्तन झालं, पाळणा झाला. बायकांनी इतका सुरेख पाळणा म्हटला की मला फक्त झांज वाजवायची राहिली. घशाला आराम मिळाला.

रविवार

महाप्रसादाला दाल-बाफले होते. बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, तो हाताने कुस्करून त्यावर तूप सोडायचं, जेवणाऱ्याने नको म्हटल्यानंतरही. माणूस उठू शकत नाही अशा बेताला जेवण आलं की समाजाची सभा भरते. ही रीत कुणी शोधली त्याला माझा दंडवत, भांडायला कुणाच्या अंगात त्राणच नसतं.

तामणं मांडली गेली. एकेक घर उठत होतं, वस्त्राखाली हात घालत होतं, नमस्कार करून बसत होतं. बायका खांबांमागे. शरदभाऊजींनी आपल्या घराची सुपारी ठेवली, मग विमलताईंच्या दिशेने पाहिलं आणि खिशात हात घातला. दादाच्या घराची त्यांनी आणलीच होती.

तेवढ्यात विमलताई उठल्या आणि पुरुषांच्या रांगेतून पुढे आल्या. चालता चालता पदर बाजूला केला. कंबरेला, निऱ्यांच्या वर, एक सुपारी खोचलेली होती.

"नाना," त्या म्हणाल्या, "काल तुम्ही पूजेला बसलात. वहिनी नव्हत्या. त्यांच्या जागी सुपारी चालली, पूजा देवाला पोचली. मग माझ्याकडे हे नाहीत, तर त्यांच्या जागी ही सुपारी का नाही चालणार? ही त्यांची. ही मी ठेवते."

मागे एक बाई अर्धवट उठली आणि परत बसली, तिच्याही घरात पुरुष नव्हता हे मला नंतर कळलं. शरदभाऊजींचा हात खिशातच राहिला. कुणीतरी शेजारच्याला हळूच म्हणालं, "भिया, हे कुठे लिहिलं आहे?" त्यावर दुसरा म्हणाला, "ते तरी कुठे लिहिलं आहे?"

नानासाहेबांनी दोन्ही तामणांकडे पाहिलं. मला वाटलं, आता रीत म्हणून एक गोड शब्द बोलतील आणि विषय संपेल.

"विमल, तू चुकते आहेस," ते म्हणाले.

विमलताईंचा चेहरा उतरला. शरदभाऊजी खाली पाहू लागले.

"काल माझ्या कंबरेला सुपारी होती ती आमच्या हिची. पण संकल्प कोणी सोडला? मी. पळी कोणाच्या हातात होती? माझ्या. कंबरेची सुपारी सोबतीला असते. कर्ता तो, जो बसला आहे." ते थांबले, जणू स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकून पाहत होते. "कंबरेची सुपारी तामणात टाकू नकोस. ती भाऊरावांची, ती तिथेच राहू दे. तामणात तुझी ठेव."

विमलताई उभ्याच राहिल्या. दुसरी सुपारी त्यांच्याकडे नव्हती. नवऱ्याच्या जागेचा त्यांनी विचार केला होता, स्वतःची आणायची असते हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग शरदभाऊजींनी खिशातून हात काढला. मुठीत होती ती सुपारी त्यांनी वहिनींच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या वहिनी. मी कुठे ठेवली असती ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तुमची ठेवा."

विमलताईंनी वस्त्राखाली हात घातला. नमस्कार केला. रांगेत परत न जाता खांबामागे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या, आणि मग इतक्या थरथरू लागल्या की मी कुसुमताईंचा कोट काढून त्यांच्या अंगावर घातला.

खोली वर्गाकडेच राहिली, एका वर्षासाठी. पुढच्या जयंतीला पुन्हा सुपाऱ्या पडतील. आणि खरं सांगायचं तर विमलताईंची सुपारी पडली नसती तरी निकाल हाच लागला असता, फरक बऱ्यापैकी होता. माझ्या कीर्तनामुळे काही झालं, असंही नाही. पेटीवाल्यांनी मला सांगितलं की त्यांनी नकाराच्या तामणात टाकली, कारण कोचिंगची पोरं दारात मोटारसायकली लावतील आणि पालखी बाहेर काढता येणार नाही. मी म्हटलं, कारण कुठलंही असो, दत्त तुमचं भलं करो.

सोमवार

गाडी रात्रीची होती, म्हणून संध्याकाळी वर्गात जाऊन बसले. खोली साधी, एक बल्ब, सतरंजी, फळा. मुलं सात-आठ. विमलताईंनी दुपारी माझ्याकडून बाईंची गोष्ट सोप्या वाक्यांत लिहून घेतली होती, आणि तीच फळ्यावर उतरवली होती. दोन वेण्यांची एक मुलगी उठून वाचू लागली. तिला बोलता सगळं येतं, वाचताना मात्र एकेक अक्षर चाचपत जाते. "बा-ईं-नी," आणि मग श्वास, "म-त," आणि मग फळ्याजवळ दोन पावलं जाऊन, "दि-लं." मी ही गोष्ट किती गावांत सांगितली असेल. एका दमात, टाळ्या घेत. इतक्या सावकाश ती मी कधीच ऐकली नव्हती.

मुलगी शेवटापाशी आली. कायदा झाला, पण तोवर बाई गेल्या होत्या. तिने ते वाक्य दोनदा वाचलं, एकदा अक्षरं लावायला आणि एकदा समजून घ्यायला. मग वळून म्हणाली, "पर आजी, मग त्यांना कळलं कसं?"

मी विमलताईंकडे पाहिलं. अशा जागी सांगायला कीर्तनकाराकडे शंभर गोष्टी असतात, स्वर्गातल्या, आत्म्याच्या. विमलताईंनी पट्टी उचलून फळ्यावरच्या पुढच्या ओळीवर ठेवली.

"नाही कळलं," त्या म्हणाल्या. "पुढचं वाच."